वटवट्या गप्प आहे

सोमवार, ३ एप्रिल

ही वही गॅरेजची आहे. पानावर गाडीचा नंबर, तक्रार, केलेलं काम असे रकाने छापलेले आहेत. लेकीने मला गॅरेजमधून काढलं तेव्हा निघताना मी ही उचलून आणली. रिकाम्या हाताने बाहेर पडणं बरं दिसत नव्हतं.

‘काढलं’ हा शब्द तिला चालत नाही. ती म्हणते, “बाबा, थोडे दिवस विश्रांती घ्या.” चाळीस वर्षं मी बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून गाडीचं दुखणं सांगत आलोय. ड्रायव्हर लोक मला कानवाले मिस्त्री म्हणतात. आणि आता विश्रांती.

झालं ते एवढंच. फेब्रुवारीत एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मी बदललं आणि स्वतः गाडी चालवून पाहिली. एकदम लोण्यासारखी चालली. चार दिवसांनी हमरस्त्यावर चाक जाम झालं आणि गाडी दुभाजकावर चढली. मालकाला खरचटलंही नाही, पण तो येऊन म्हणाला की बेअरिंग पहिल्या दिवसापासून शिट्टी मारत होतं. मी म्हटलं, शिट्टी मारत होतं तर मला कशी नाही ऐकू आली? यावर लेक गप्प बसली. गॅरेजमधले दोघे जुने फिटरही गप्प बसले आणि हातातले पाने-पकडी पुसायला लागले. त्यांची ती गप्प बसण्याची तऱ्हा मला बिलकुल आवडली नाही.

लेक डॉक्टरांकडे जाऊन या म्हणते. मला ताप नाही, खोकला नाही, साखर नाही. डॉक्टरला काय दाखवू, पांढरी गाडी?

तक्रार: गॅरेजच्या मालकाला घरी बसवलं. केलेलं काम: काही नाही.

बुधवार, ५ एप्रिल

आज मिक्सर उघडला. काल न्हाणीघरातला नळ उघडला होता, परवा शिवणयंत्र. तिन्ही वस्तू आधी चालू होत्या. शिवणयंत्र अजूनही जवळपास चालू आहे.

बायकोने संध्याकाळी माझ्यासमोर एक दुर्बीण ठेवली आणि जाहीर केलं की रविवारपासून मी पहाटे पक्षी बघायला जाणार आहे. लेकीच्या शाळेतल्या एक बाई आहेत, भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या माणसं गोळा करून शहराबाहेरच्या पाणथळीवर नेतात आणि बगळे दाखवतात. बायकोने परस्पर माझं नाव दिलंय. मी विचारलं, पक्षी बघून काय करायचं? ती काहीतरी पुटपुटली. हल्ली तिचा आवाज फार बसलाय. घसा दाखव म्हणून मी तिला दोन-तीनदा सांगितलं, तर नुसतं बघते माझ्याकडे.

रविवार, ९ एप्रिल

पहाटे सव्वापाचला उठून शहराबाहेर चिखलात जाऊन उभं राहणारी माणसं या जगात आहेत आणि आज मी त्यांच्यात होतो.

बाई सत्तरीच्या, काटक, डोक्यावर टोपलीएवढी टोपी. त्यांचा उजवा हात म्हणजे एक दातांचा डॉक्टर. उंच, गडगडाटी आवाजाचा. त्याच्या शर्टाला इतके खिसे की कुठल्या खिशात काय हे शोधण्यातच त्याचे निम्मे पक्षी उडून जातात. बाकी तिघं-चौघं होते. ते दर वेळी बदलतात म्हणे. पहाटेचं उठणं एका खेपेपुरतंच सोसत असणार.

पाणथळ म्हणजे वळणरस्ता आणि कालवा यांच्यामधला खोलगट भाग. पूर्वी इथली माती विटांसाठी नेली, खड्डे राहिले, त्यात पाणी साचलं. आता उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी मागे हटलंय आणि कडेने चिखलाचे पट्टे उघडे पडलेत. एका बाजूला बोरूचं, म्हणजे उंच पाणगवताचं, दाट बेट. पक्षी आहेत, नाही म्हणत नाही. पाणकावळा नावाचा एक काळा प्राणी पाण्यात बुडी मारतो आणि मग ओंडक्यावर बसून पंख वाळत घालतो. पाण्यात काम करणाऱ्या यंत्राला पाणी लागून चालत नाही, ही बनावटीतलीच चूक आहे. आमच्याकडे असा माल आला असता तर आम्ही परत पाठवला असता.

पण खरा प्रकार पुढे. बाईंनी एकदम हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले, माना बोरूकडे वळवल्या, आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की जणू कोणी त्यांची स्तुती करतंय. डॉक्टरने मला सांगितलं, “वटवट्या. बोरूत बसून अखंड बडबड करतो.”

मी नीट ऐकलं. बोरू चिडीचूप. एक बेडूक, आणि लांब वळणरस्त्यावर एक ट्रक. ट्रकचा तिसरा गिअर गेलाय हे मला तिथूनही कळलं. वटवट्याचा मात्र चकार शब्द नाही. दिसतही नव्हता. तरी बाईंनी वहीत लिहिलं: वटवट्या, दोन.

दोन! न बघितलेले, न बोललेले, आणि तेही मोजून दोन. मी चाळीस वर्षांत न पाहिलेला पार्ट कधी जॉब कार्डावर चढवला नाही. इथे सकाळभरात सात जातींचे पक्षी असेच हवेतून वहीत उतरले. माझी खात्री झाली की ही सगळी मिळून एकमेकांना बनवतायत. एकाने ऐकल्यासारखं केलं की बाकीच्यांना नाही म्हणण्याची लाज वाटते.

तिसऱ्या वेळी बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, ऐकलंत ना? मी मान हलवली. बाई खूश झाल्या. इतकं सोपं आहे ते.

मंगळवार, ११ एप्रिल

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला आले. या इमारतीच्या भिंती पापडासारख्या आहेत. मी त्यांना बिल्डरला गाठायचा सल्ला दिला.

बायको हल्ली फारशी बोलत नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माणूस बोलून बोलून दमणारच. घरात शांतता आहे. तशी बरी आहे.

रविवार, १६ एप्रिल

आज मी एक शोध लावला. ढोंग नाही, डोळ्यांनी बघून लावलेला शोध.

सगळे जण बोरूकडे माना लावून उभे होते. माझा त्या नाटकात जीव रमत नव्हता म्हणून मी उलट्या बाजूला, कालव्याच्या दाराजवळच्या चिखलपट्ट्यावर दुर्बीण लावली. तिथे शेकाट्या उभा होता. काळ्या पंखांचा, पांढऱ्या पोटाचा, आणि पाय लाल, काडीसारखे, इतके लांब की वरचा पक्षी कोणीतरी नंतर आठवण झाल्यावर बसवला असावा. तो चालत आला, गुडघे उलटे मोडले, आणि चिखलावर बसला. बसण्याआधी त्याने पोटाखाली काहीतरी नीट सरकवलं.

मी ते सरकवणं ओळखलं. गाडीखाली झोपायच्या आधी पाठीखालचा नट मी असाच बाजूला सारतो.

पंधरा मिनिटांनी तो उठला, तेव्हा खाली चार अंडी. चिखलाच्याच रंगाची, वर काळे ठिपके. मी बाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. तासाभरात त्या एका पट्ट्यावर मी अकरा घरटी दाखवली. डॉक्टरला तीन दिसली, तीही मी बोट धरून दाखवल्यावर. बाई म्हणाल्या, मिस्त्री, तुमच्यासारखी नजर मी तीस वर्षांत बघितली नाही. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. नाहीतर त्याही पुटपुटतात. डॉक्टर तेवढा मोकळ्या गळ्याने बोलतो. बायकांनी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायचं ठरवलेलं दिसतंय.

गुरुवार, २० एप्रिल

आता रोजच जातो. बगळे बघायला नाही, माझी अकरा घरटी बघायला.

कालव्याच्या दारावर एक पाटकरी असतो. कालव्याचं पाणी कुठे सोडायचं, कुठे अडवायचं हे बघणारा माणूस. पन्नाशीचा, बारीक, लाजाळू. त्याची खोली दाराला लागूनच. खाट, रेडिओ, कोपऱ्यात छत्री. बायको-मुलं दुसऱ्या गावी. कोणी बोलायला आलं की त्याला इतका आनंद होतो की तो बोलायचंच विसरतो.

त्याच्याकडून कळलं ते असं. सत्तावीस तारखेला वरच्या धरणातून उन्हाळ्याचं पाणी सुटणार. कालवा भरून वाहील. कालव्यातून पाणथळीकडे येणारं हे लोखंडी दार हातभर उघडं आहे आणि गेली सहा वर्षं तसंच गंजून बसलंय. म्हणजे पाणी आत घुसणार, आणि चिखलाचा पट्टा एका दिवसात गुडघाभर पाण्याखाली. दर वर्षी हेच होतं, तो म्हणाला. पक्षी दोन दिवस वर घिरट्या घालतात, मग जातात.

मी दार पाहिलं. वर लोखंडी चौकट, चौकटीवर हाताने फिरवायचं चाक, चाकाखाली दोन दातेरी गिअर, त्यातून खाली गेलेला जाडजूड स्क्रू. सहा वर्षांत कोणी तेलाचा थेंब दाखवलेला नाही. मी म्हटलं, हे चार दिवसांचं काम आहे.

शनिवार, २२ एप्रिल

बाई पाटबंधारे खात्याच्या साहेबाकडे गेल्या होत्या. साहेब पाचवीत त्यांच्या वर्गात होता, नकाशात नद्या उलट्या वाहवायचा. तो म्हणाला, दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहे. तुम्ही करत असाल तर करा, फक्त मला माहीत नाही असं समजा. बाई म्हणाल्या, असं समजायला माझी हरकत नाही, पण दोन ओळी लिहून दे. त्यांनी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि शुद्धलेखनही सुधारून घेतलं.

हत्यारांसाठी गॅरेजमध्ये जावं लागलं. दोन महिन्यांनी गेलो. माझ्या खुर्चीवर कोणीतरी हवेचा पाइप गुंडाळून ठेवला होता. लेकीने पुलर, जॅक, गंज सोडवायचं तेल सगळं काढून दिलं, आणि मीही येते म्हणाली. मी म्हटलं, नको, हे मी एकटा करीन. मी फडताळात वाकून मोठा पाना शोधत होतो तेव्हा ती मागून काहीतरी बोलली. मी मान हलवली. वळून बघतो तर तिचे डोळे भरलेले. कशाला ते कळलं नाही. विचारावंसं वाटलं, पण मग काय बोललीस असं विचारावं लागलं असतं.

मंगळवार, २५ एप्रिल

तीन दिवसांत स्क्रू सुटला. वरचं झाकण काढून गिअरचे दाते एकेक करून खरवडले. पाटकरी चाक फिरवतो, मी दाते साफ करतो, पुन्हा तो फिरवतो. आज दार चार बोटं खाली आलं. सहा वर्षांनी लोखंड हलल्याचं बघून पाटकरी चौकटीवरच मांडी घालून बसला आणि मला त्याच्या लग्नाची हकिगत सांगायला लागला. कालव्याच्या तळाशी वाहणाऱ्या पाण्याच्या खळखळाटात त्यातलं काही पोचलं नाही. योग्य वाटलं तिथे मी हसलो. एकदा चुकीच्या ठिकाणी हसलो असणार, कारण तो थांबला.

परवा पाणी येणार. उद्या दुपारपर्यंत दार पूर्ण बसवतो.

अकरापैकी अकरा घरट्यांवर पक्षी आहेत. मोजून आलो. बघून मोजली आहेत.

शनिवार, २९ एप्रिल

तीन दिवस लिहिलं नाही. डावा हात मनगटापर्यंत बांधलेला आहे. करंगळीचं आणि तिच्या शेजारच्या बोटाचं शेवटचं पेर गेलं.

पाणी एक दिवस आधी सुटलं. बुधवारी सकाळी नऊ वाजता पाटकऱ्याला फोन आला की निघालंय, पाऊण तासात पोचेल. दार अजून वीतभर उघडं होतं. बाई आणि डॉक्टरही आले होते. मी गिअरमध्ये डावा हात घालून शेवटची गंजाची खपली काढत होतो, चाकाकडे पाठ करून. पाटकरी चाकावर. खपली निघाली, मी ग्रीसचं बोट दात्यांवरून फिरवलं, आणि चाक फिरलं.

दुखलं नाही आधी. फक्त हात परत येईना.

डॉक्टरने चाक उलट फिरवून हात सोडवला. आपल्या असंख्य खिशांपैकी एकातून त्याने स्वच्छ फडकं काढलं आणि घट्ट बांधलं. पहिल्याच खिशात मिळालं त्याला. मला दवाखान्यात न्यायला निघाले तर मी चौकटीला धरून बसलो. म्हटलं, दार लावल्याशिवाय हलणार नाही. मग बाईंनी टोपी काढून ठेवली, साडीचा पदर खोचला, आणि त्या आणि डॉक्टर चाकाला भिडले. पाटकऱ्याच्या हातात जोर राहिला नव्हता. तो रडत होता. मी बसल्या जागेवरून अर्धा फेरा, थांबा, तेल, अर्धा फेरा असं सांगत होतो. दार तळाला टेकल्याचा धक्का माझ्या पाठीला लागला. पाच मिनिटांनी कालव्यात धरणाचं पाणी आलं आणि दाराला घासत पुढे निघून गेलं.

पाटकरी सारखं एकच म्हणत होता. माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला म्हणून मला कळलं.

“मी तीनदा विचारलं, मिस्त्री. हात काढला का, फिरवू का. तिसऱ्यांदा तुम्ही मान हलवलीत.”

हलवली असेन. मला काही आठवत नाही. मान हलवायला हल्ली मला काही आठवावं लागत नाही.

तीन दिवस पलंगावर पडून मी याचाच विचार करतोय. वहीत खोटं चढवायचं नाही असं मी बाईंना सुनावलं होतं, मनातल्या मनात का होईना. तेव्हा लिहून टाकतो. त्याने तीनदा विचारलं. मला एकदाही ऐकू आलं नाही. तो चार हातांवर होता.

सोमवार, १ मे

साहेबाला आता काहीच माहीत नाही. बाईंनी दोन ओळींचा कागद दाखवला तेव्हा त्याला थोडं आठवलं, पण त्याने पाटकऱ्याला नोटीस दिली आहेच: सूचना न देता चाक फिरवून अपघात घडवला. चौकशी होणार, नोकरी जाणार. पाटकरी म्हणतो, जाऊ दे, माझ्या हातून झालं. असल्या माणसाचा राग येतो मला. भांडतच नाही.

डॉक्टर म्हणाला की तुम्ही लेखी जबाब दिलात तर तो सुटेल. सूचना दिली होती, पण तुम्हाला ऐकू आली नाही, एवढंच लिहायचं. पाण्याचा आवाज होता असंही लिहिता येईल, असं तो पुढे म्हणाला. भला माणूस आहे.

पाण्याचा आवाज होता हे खरंही आहे. बाईंना मात्र त्याच पाण्यात, कठड्याच्या पलीकडून, पाटकऱ्याचं तिन्ही वेळचं विचारणं ऐकू आलं होतं.

हा जबाब कार्यालयात सगळे वाचणार. तिथले सगळे ड्रायव्हर गाड्या माझ्याकडे आणतात. कानवाले मिस्त्री.

मंगळवार, २ मे

सरकारी भाषा मला येत नाही म्हणून गॅरेजमध्ये गेलो. लेक संगणकापाशी बसली, मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. तारीख, वेळ, दाराचं वर्णन. मग मी सांगितलं, “पाटकऱ्याने तीन वेळा स्पष्ट सूचना दिली. मला कमी ऐकू येतं, म्हणून मला ती कळली नाही. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.”

तिची बोटं थांबली. ती माझ्याकडे वळली, आणि आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी बोलताना आधी वळते. कधीपासून वळते, कोण जाणे.

“बाबा, ही ओळ नक्की ठेवू?”

“ठेव. आणि त्या पांढऱ्या गाडीवाल्याला फोन लाव. शिट्टी वाजत असणार.”

तिने फोन लगेच लावला नाही. उठली, माझ्या खुर्चीवरचा हवेचा पाइप काढून भिंतीला टांगला आणि परत येऊन बसली. मग मी तिला विचारलं की मी फडताळात वाकलो होतो तेव्हा ती काय म्हणाली होती. ती म्हणाली, “‘तुमच्याशिवाय इथे मन लागत नाही’ असं म्हणाले होते.”

आणि मी मान हलवली होती, मोठा पाना शोधता शोधता.

शनिवार, ६ मे

कान तपासून घेतले. कापसासारख्या भिंतींची एक कपाटाएवढी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी. मी विचार केला, साधारण दर चार सेकंदांनी दाबावं. सगळं छान चाललं होतं. मग ती दार उघडून आत आली, माझ्या तोंडासमोर वाकली आणि म्हणाली, “काका, मी अजून आवाज सोडलाच नाहीये.”

आलेख काढला तिने. जाड, घोगरे आवाज बरे येतात, बारीक आवाजांच्या बाजूला रेघ दरीत पडावी तशी खाली गेलीय. तिने समजावलं, इंजिनाची घरघर, पुरुषांचे भरदार आवाज येतील. शिट्टी, पक्षी, बायकांचं बोलणं, गोंगाटात कोणी हळू बोललेलं, हे जाणार. चाळीस वर्षं हातोडे आणि इंजिनं डोक्याजवळ वाजली की असं होतं म्हणे. गेली चार-पाच वर्षं तरी हे चालू असणार.

बायकोचा घसा ठीक आहे, असं मी जाताना तिला सांगितलं. तिला संदर्भ कळला नाही.

सोमवार, ८ मे

पाटकऱ्याची नोटीस मागे घेतली. त्याने छत्री घेऊन घरी येऊन सांगितलं, ढग नसताना. दाराच्या फटीतून पाझरलेल्या पाण्यात दोन घरटी गेली. नऊ वाचली. चारांतून पिल्लं बाहेर आलीत. कापसाचे बोळे, आणि त्यांना जन्मापासून ते अवाजवी पाय. एक पिल्लू चालताना स्वतःच्याच पायात अडकून पडलं, उठलं, आणि आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

रविवार, १४ मे

गुरुवारी कानातली यंत्रं आली. दोन, शेंगदाण्याएवढी. जग फार गोंगाटाचं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फ्रिज बोलतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. माझी स्वतःची चप्पल दर पावलाला काहीतरी तक्रार करते. वरच्या गृहस्थांची क्षमा मागून आलो. ते इतके गडबडले की त्यांनी मला बिस्किटं दिली.

आज ती घालून पाणथळीवर गेलो. बोरूच्या बेटाजवळ पोचलो आणि आतून कोणीतरी तेल न घातलेल्या दहा बिजागऱ्यांची एकदम उघडझाप केल्यासारखा आवाज सुरू झाला. करकर, किचकिच, चर्रचर्र, श्वास घ्यायलाही थांबेना. मी विचारलं, हे काय? डॉक्टर म्हणाला, वटवट्या.

यासाठी ही माणसं पहाटे उठत होती. इतका भिकार आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. अर्धा तास ऐकत उभा राहिलो. बाईंना सांगितलं, दोन नाहीत, तीन आहेत. एक डावीकडे लांब आहे. बाईंनी कान दिला आणि वहीतला आकडा बदलला.

मंगळवार, १६ मे

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होतो, ओट्याकडे पाठ करून. बायको भाजी चिरत होती. यंत्रं मी दुपारी खोक्यात ठेवतो, त्यामुळे आत्ताही तिथेच असतील अशी तिची समजूत. मी ती पुन्हा घातली होती, तिला सांगायचं राहिलं.

ती बोलत होती.

हळू, सहज, कोणाला ऐकवायचं नसल्यासारखं. आज कोथिंबीर चांगली मिळाली. खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेत. गुडघा सकाळी दुखतो, संध्याकाळी नाही. मग थोरल्या बहिणीचं, ताईचा फोन आला होता, तिने शेवटी ते मोठं घर विकलं, एकटीला कशाला हवं. मग परत कोथिंबीर. मी पेपर धरून तसाच बसलो. हलायची भीती वाटली. बोरूजवळ वाटते ना, आपण हललो तर आतलं गप्प होईल, तशी.

हे रोज चालत असणार. मी शांतता समजत होतो ते हे होतं. रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीला दिवसभराचं सगळं सांगत होती.

“खिडकी लावू का हो,” ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता हात पुसायला लागली.

“राहू दे उघडी,” मी म्हणालो. “ताई एकटी का? तिचा नवरा कुठे गेला?”

सुरी थांबली. बराच वेळ काही आवाज आला नाही. या वेळी मला खात्री होती की खरंच नाही आला. मी वळलो. ती माझ्या कानांकडे बघत होती.

“सोडून गेला तिला,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगितलं मी तुम्हाला. इथेच, याच खुर्चीत बसला होतात.”

मी विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो?

“बरं झालं म्हणालात. आणि टीव्ही लावलात.”

दोन वर्षं. तिच्या सख्ख्या बहिणीचा संसार मोडला आणि मी बरं झालं म्हणून टीव्ही लावला. गेल्या वर्षी ताई राहायला आली होती तेव्हा तर मी तिला विचारलंही होतं की मिस्टरांना का नाही आणलं. ती नेमकी काय म्हणाली ते मला कळलं नव्हतं, म्हणून मी मोठ्याने हसलो होतो.

ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, हातात तशीच सुरी. वाटलं आता रडेल, किंवा सुरीचा उपयोग करेल, आणि दोन्हींचा तिला हक्क होता. तिने माझ्याकडे बघितलं, ओठ दाबले, आणि मग तिला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत हसली.

“तसं बरंच झालं म्हणा,” ती म्हणाली. “माणूस मुळात नालायकच होता.”

मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग. तिने पहिल्यापासून सांगितलं. भाजी आज झालीच नाही.